न्यायमूर्तीला मत देताना



आपल्या वकीलसाहेबांची एक सवय इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. निकालपत्र हाती आलं की ते शेवटून उघडायचे. बहुमताचा निकाल काय तो कळणारच आहे, आधी जो न्यायमूर्ती बाजूला पडला तो काय म्हणतो ते बघू, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे पुस्तकं मागायला जाता जाता ही सवय मलाही लागली. आजच्या विषयापाशी मी तिच्याच वाटेने आलो. अमेरिकेतल्या राज्यांचे चार विरुद्ध तीन असे निकाल वाचत होतो. त्या चारांतला चौथा न्यायमूर्ती खुर्चीवर आला कसा, हे शोधत गेलो आणि थेट मतपेटीपाशी पोचलो.

मार्च २०२५ मध्ये मी मुलीकडे मॅडिसनला होतो. मॅडिसन ही विस्कॉन्सिन राज्याची राजधानी. दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं गाव आणि मधोमध पांढऱ्या घुमटाचं विधानभवन. दुपारी टपालपेटी उघडून आतलं टपाल घरात आणायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवसांत पेटीत रोज तीन-चार जाड, गुळगुळीत कार्डं पडलेली असायची. त्यातलं एक मी जपून ठेवलं आणि आज बरोबर आणलं आहे. मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. एका बाईंचा चेहरा आहे, मुद्दाम काळपट केलेला, डोळ्यांखालच्या सावल्या गडद केलेल्या. वर लाल अक्षरांत आरोप, की या बाईंनी एका नराधमाला फार कमी शिक्षा दिली. मागच्या बाजूला तुरुंगाचे गज. अगदी तळाला, चष्मा लावूनही नीट वाचता येणार नाही अशा टाइपात, छपाईचा खर्च कुणी केला ते. दुसऱ्या उमेदवाराविरुद्धची कार्डंही याच साच्यातली होती, फक्त चेहरा बदललेला.

"या कोण, नगरसेवक?" मी मुलीला विचारलं.

"नाही बाबा, जज आहेत. सुप्रीम कोर्टासाठी उभ्या आहेत. एक तारखेला मतदान."

तीस वर्षं मी कायदा शिकवला. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत न्यायाधीश निवडून येतात, हे वाक्य वर्गात किती वेळा उच्चारलं असेल. पण ते कार्ड हातात येईपर्यंत त्याचं वजन मला कळलं नव्हतं, हे मी इथे मान्य करतो.

आपल्या डोळ्यांसमोर न्यायालयांचं चित्र एका डोंगरासारखं असतं. पायथ्याला तालुका, मग जिल्हा, मग मुंबई उच्च न्यायालय आणि शिखरावर दिल्ली. तिथे तसं नाही. पन्नास राज्यांच्या पन्नास स्वतंत्र राज्यघटना आहेत आणि त्यांचा अर्थ लावण्यात शेवटचा शब्द त्या त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा. संघराज्याची घटना किंवा संघराज्याचा कायदा मध्ये आला तरच वॉशिंग्टनचा दरवाजा उघडतो. देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक खटले राज्यांच्या कोर्टांतच निकाली निघतात. घटस्फोट, जमीन, खून, फाशी, विमा, निवडणुकीचे नियम, मतदारसंघांच्या हद्दी, गर्भपात, हे सगळं तिथेच. पन्नासपैकी अडतीस राज्यांत या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना कधी ना कधी मतदारांसमोर जावं लागतं. कुठे पक्षाचं नाव लावून, कुठे न लावता. काही राज्यांत आधी गव्हर्नर नेमणूक करतो आणि ठरावीक वर्षांनी लोकांना विचारलं जातं की यांना ठेवायचं की घरी पाठवायचं.

हे आलं कुठून? सगळे न्यायाधीश मतदानाने निवडायची सुरुवात मिसिसिपीने १८३२ साली केली. खरी लाट उसळली ती १८४६ मध्ये न्यूयॉर्कने नवी राज्यघटना केली तेव्हा. त्यामागची हकीकत आपल्या समजुतीला धक्का देणारी आहे. त्या काळात राज्यांच्या विधिमंडळांनी कालवे आणि रेल्वे यांच्यासाठी वारेमाप कर्जं काढली. १८३७ च्या मंदीत ती अंगाशी आली आणि कित्येक राज्यांचं दिवाळं वाजलं. लोकांनी विचारलं की विधिमंडळ पैसा उधळत होतं तेव्हा न्यायाधीश काय करत होते? ते गप्प होते, कारण त्यांच्या नेमणुका विधिमंडळाच्या आणि गव्हर्नरच्या मर्जीतल्या. मग सुधारकांनी ठरवलं की न्यायाधीशाची खुर्ची पुढाऱ्यांच्या हातून काढून घ्यायची आणि लोकांच्या हाती द्यायची. लोकांनी निवडलेला न्यायाधीश विधिमंडळापुढे ताठ उभा राहील. आज ज्या पद्धतीवर न्यायालय राजकारणाच्या दावणीला बांधल्याचा आरोप होतो, ती जन्माला आली ती न्यायालयाला राजकारणापासून सोडवायला.

विस्कॉन्सिन १८४८ मध्ये राज्य झालं, निवडून दिलेले न्यायाधीश घेऊनच. आणि पुढच्या सहा वर्षांतच या पद्धतीची कसोटी लागली. ही गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण न्यायाधीशांच्या निवडणुकीत राजकारण आत्ता शिरलं असं म्हणणाऱ्यांनी ती ऐकायला हवी.

जोशुआ ग्लोव्हर हा मिसूरी राज्यातला गुलाम. पळून विस्कॉन्सिनमध्ये आला आणि रसीन गावाजवळ लाकडाच्या गिरणीत कामाला लागला. पळालेल्या गुलामाला पकडून मालकाच्या हवाली करा, असं सांगणारा संघराज्याचा कायदा १८५० चा. त्याच्या जोरावर मार्च १८५४ मध्ये ग्लोव्हरला पकडून मिलवॉकीच्या तुरुंगात टाकलं. शर्मन बूथ नावाच्या संपादकाने गावभर हाकाटी केली, जमाव जमला, तुरुंगाचं दार फोडलं आणि ग्लोव्हर निसटला. पुढे तो कॅनडात पोचला. बूथवर खटला झाला. त्याचा वकील बायरन पेन, वय पंचविशी-तिशीच्या मधलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तेव्हा तीनच न्यायमूर्ती होते. त्यांतल्या दोघांनी सांगितलं की गुलामांना धरून देणारा हा कायदाच घटनाबाह्य आहे. एका राज्याच्या कोर्टाने संघराज्याचा कायदा झुगारला! तिसरे न्यायमूर्ती सॅम्युअल क्रॉफर्ड कायद्याच्या घटनात्मकतेबाबत वेगळं मत देऊन बसले. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, ते मतदारांसमोर गेले आणि पडले. १८५९ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनचा निकाल फिरवला. त्याच वसंतात विस्कॉन्सिनच्या मतदारांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून दिलं ते बायरन पेनला. आरोपीचा वकील थेट न्यायमूर्तीच्या खुर्चीत.

आता यात चूक काय आणि बरोबर काय? क्रॉफर्ड यांनी कायदा त्यांना जसा दिसला तसा सांगितला, आणि त्यासाठी त्यांची खुर्ची गेली. न्यायाधीशाला असं घालवू नये, हे आपण पटकन म्हणू. पण ग्लोव्हरच्या पायातल्या बेडीकडे बघितलं की ते म्हणताना माझी जीभ अडखळते. गुलामगिरी राखायला नेमणुकीच्या, तहहयात खुर्चीवर बसलेले न्यायमूर्ती वॉशिंग्टनमध्ये होते. ती नाकारायला मतावर निवडून आलेले मॅडिसनमध्ये होते.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षं मी एका ढांगेत ओलांडतो. या निवडणुका बहुतेक वेळा निवांत होत. मतदार थोडे, खर्च थोडा, उमेदवार आपण कडक पण न्यायी आहोत एवढंच सांगणार. वादग्रस्त प्रश्नांवर आपलं मत जाहीर करायला उमेदवाराला बंदी असायची. २००२ मध्ये मिनेसोटाचं असं बंधन वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केलं. निवडणूक घ्यायची तर उमेदवाराचं तोंड बांधता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. तर्काला धरून आहे. पण तोंडावरची पट्टी निघाली आणि पैशाची थैलीही मोकळी झाली.

त्या थैलीचं सगळ्यांत उघडं उदाहरण वेस्ट व्हर्जिनियातलं आहे. ह्यू कॅपर्टन या छोट्या खाणमालकाचा धंदा मॅसी या बलाढ्य कोळसा कंपनीने बुडवला, म्हणून २००२ मध्ये ज्युरीने कंपनीला ५ कोटी डॉलरचा दणका दिला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार होतं आणि २००४ मध्ये तिथल्या एका जागेची निवडणूक होती. कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी आव्हान देणाऱ्या ब्रेंट बेंजामिन यांच्यासाठी स्वतःचे ३० लाख डॉलर ओतले. जाहिरातींत कोळशाचं नाव नव्हतं, कराराचं नव्हतं. जुन्या न्यायमूर्तींनी लहान मुलावर अत्याचार करणाऱ्याला मोकळं सोडलं, हाच धोशा. बेंजामिन जिंकले. २००७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ५ कोटींचा निवाडा रद्द झाला आणि त्या तिघांत बेंजामिन होते. २००९ मध्ये वॉशिंग्टनने सांगितलं की बेंजामिन यांनी या खटल्यातून बाजूला व्हायला हवं होतं. तोही निकाल पाच विरुद्ध चार. खटला परत गेला, बेंजामिनशिवाय ऐकला गेला आणि कॅपर्टन पुन्हा हरले.

कॅपर्टन यांचा दावा कायद्यात टिकणारा नव्हताच, असंही असेल. पण पहिल्या वेळी ते हरले तेव्हा आपल्याला न्याय मिळाला की नाही, हे कळायचा मार्गच त्यांच्यापुढे उरला नव्हता. माझ्या दृष्टीने खरी इजा ती. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगतो. शास्त्रीबोवांची खुर्ची राघोबादादांच्या पैशावर भरली गेली असती, तर त्यांनी काहीही निकाल दिला असता तरी पुण्यात त्यावर विश्वास कुणी ठेवला असता?

या कार्डाकडे पुन्हा बघा. पैसा येतो एका कारणासाठी आणि छापलं जातं दुसरंच. कोळशाच्या खटल्यासाठी आलेला पैसा अत्याचाराच्या बातम्या छापतो. मतदार हळहळतो, चिडतो, मत देतो. आपण कोणत्या खटल्यात मत दिलं हे त्याला कळतच नाही.

आता विस्कॉन्सिनकडे, कारण या निवडणुकांना आज जे राजकीय महत्त्व आलं आहे ते तिथे अगदी सुट्या भागांसारखं मांडून दाखवता येतं.

२०११ मध्ये तिथल्या रिपब्लिकन विधिमंडळाने मतदारसंघांचे नवे नकाशे आखले. २०१८ मध्ये विधानसभेसाठी डेमोक्रॅट पक्षाला राज्यभरात सुमारे ५३ टक्के मतं पडली आणि ९९ पैकी ३६ जागा मिळाल्या. गव्हर्नर मात्र डेमोक्रॅट निवडून आला, कारण गव्हर्नरचा मतदारसंघ म्हणजे अख्खं राज्य, तिथे रेघ ओढून काही करता येत नाही. लोकांनी काय करावं? विधिमंडळ बदलावं तर नकाशा आडवा. थेट जनतेतून कायदा मांडायची सोय काही राज्यांत आहे, विस्कॉन्सिनमध्ये नाही. संघराज्याच्या कोर्टात जावं, तर मॅडिसनच्याच एका निवृत्त कायद्याच्या प्राध्यापकांनी ते केलं आणि २०१८ मध्ये त्यांचा दावा तांत्रिक मुद्द्यावर परत आला. २०१९ मध्ये वॉशिंग्टनने पाच विरुद्ध चार मतांनी दार कायमचंच लावलं. पक्षाच्या फायद्यासाठी आखलेले नकाशे हा संघराज्याच्या न्यायालयांनी सोडवायचा प्रश्न नाही, राज्यांच्या घटना आणि राज्यांची न्यायालयं आहेत, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं. २४ जून २०२२ ला गर्भपाताचा प्रश्नही तसाच राज्यांकडे ढकलला गेला आणि विस्कॉन्सिनमध्ये १८४९ चा एक कायदा धूळ झटकून उभा राहिला. वर्षाहून अधिक काळ तिथल्या दवाखान्यांत गर्भपात बंद होते.

आता नकाशा जिथे पोचत नाही अशा जागा शोधा. गव्हर्नर, आणखी मोजकी पदं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सात खुर्च्या. मुदत दहा वर्षं, मतदारसंघ संपूर्ण राज्य, मतदान एप्रिलमध्ये. बाकीच्या वाटा एकेक करून बुजवल्या तेव्हा पाणी याच मोरीतून वाहणार होतं. न्यायाधीशांच्या निवडणुकांत राजकारण घुसलं, असं म्हणणं मला अपुरं वाटतं. राजकारणाला इतरत्र जागाच ठेवली नाही, म्हणून ते इथे आलं.

एकेका खुर्चीची किंमत काय? २०१९ च्या एप्रिलमध्ये ब्रायन हेगडॉर्न बारा लाख मतांत जेमतेम सहा हजारांनी जिंकले. पाठिंबा पुराणमतवादी गटाचा. डिसेंबर २०२० मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर, ट्रम्प यांच्या बाजूने दोन जिल्ह्यांतली दोन लाखांवर मतं बाद करायची मागणी आली. बायडेन यांची राज्यातली आघाडी होती वीस हजारांच्या आसपास. चार विरुद्ध तीन मतांनी ती मागणी फेटाळली गेली. चौथे होते हेगडॉर्न. ज्यांनी निवडून दिलं त्यांच्याविरुद्ध ते उभे राहिले, आणि त्याबद्दल त्यांच्याच माणसांच्या शिव्या खाल्ल्या. निवडून आलेला न्यायाधीश विकलेलाच असतो असं कुणी म्हणालं की मी हा निकाल पुढे करतो.

२०२३ मध्ये जॅनेट प्रोटासिविच अकरा टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. खर्च ५ कोटी डॉलरच्या वर. प्रचारात त्यांनी नकाशांना सरळ लबाडीचे म्हटलं. मला ते तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. नकाशे लबाडीचे होते, या मताचा मीही आहे. पण खटला समोर यायच्या आधी न्यायाधीशाने तसं बोलायचं नसतं. त्या डिसेंबरात कोर्टाने नकाशे रद्द केले, चार विरुद्ध तीन. कारण घटनेतलं साधं होतं. मतदारसंघ सलग असला पाहिजे असं राज्यघटना सांगते आणि तिथे कित्येक मतदारसंघांचे तुकडे बेटांसारखे दुसऱ्याच्या पोटात पडलेले होते. नव्या नकाशावर २०२४ ची निवडणूक झाली, आणि रिपब्लिकनांच्या ६४ जागा होत्या त्या ५४ झाल्या. सत्ता त्यांचीच राहिली, पण आता ती हरता येण्याजोगी झाली. जुलै २०२५ मध्ये १८४९ चा कायदाही निकाली निघाला. तोही चार विरुद्ध तीन.

या दोहोंच्या मध्ये, मी मॅडिसनला होतो तेव्हाची ती निवडणूक. सुसान क्रॉफर्ड विरुद्ध ब्रॅड शिमेल. (१८५५ च्या क्रॉफर्डांशी आडनावाचा केवळ योगायोग.) एकूण खर्च १० कोटी डॉलरच्या घरात, म्हणजे आपले साडेआठशे कोटी रुपये, राज्याच्या कोर्टातल्या एका खुर्चीसाठी. जगातले सगळ्यांत श्रीमंत गृहस्थ इलॉन मस्क आणि त्यांच्या संस्थांनी २ कोटींहून अधिक घातले. त्यांच्या टेस्ला कंपनीचा मोटारविक्रीच्या परवान्यांवरून याच राज्याशी दावा चालू होता. ३० मार्चला ते ग्रीन बेला आले, डोक्यावर तिथल्या फुटबॉलवेड्यांची चीजच्या आकाराची टोपी घातली आणि व्यासपीठावर दोघांना दहा-दहा लाख डॉलरचे चेक दिले. आम्ही ते टीव्हीवर बघत होतो. जावई माझे शांत स्वभावाचे, ते उठून बाहेर अंगणात गेले. दुसऱ्या बाजूनेही सोरोस, प्रित्झकर अशा धनवंतांचा पैसा होता, हे सांगितलं पाहिजे. मतदान झालं तेव्हा तेवीस लाखांवर लोक बाहेर पडले. मिलवॉकीत काही केंद्रांवर मतपत्रिका संपल्या. क्रॉफर्ड दहा टक्क्यांनी जिंकल्या. पैसा हरला, असं दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते. मला एवढं म्हणवत नाही. १० कोटींतला बराचसा पैसा जिंकलेल्या बाजूचाही होता.

उलट दिशेचं उदाहरण नॉर्थ कॅरोलायनाचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी लोकसभेचे, म्हणजे त्यांच्या हाउसचे, एकतर्फी नकाशे रद्द केले. सुधारित नकाशावर नोव्हेंबरात जागा पडल्या सात आणि सात. पण त्याच मतदानात कोर्टाच्या दोन खुर्च्या रिपब्लिकनांकडे गेल्या. नव्या बहुमताने तोच खटला पुन्हा ऐकायला घेतला आणि एप्रिल २०२३ मध्ये स्वतःच्याच कोर्टाचा वर्षभरापूर्वीचा निकाल उलटवला. घटनेतला शब्द बदलला नव्हता, पुरावा बदलला नव्हता, फक्त माणसं बदलली होती. वकीलसाहेब असते तर त्यांनी अनिता अर्ल्स यांचं विरोधी मत आधी उघडलं असतं. मीही तेच केलं, आणि तुम्हीही जमलं तर वाचा. २०२४ मध्ये नव्या नकाशावर जागा आल्या दहा आणि चार. तीन जागा इकडून तिकडे. त्या वर्षी देशाच्या हाउसमध्ये रिपब्लिकन आले २२० आणि डेमोक्रॅट २१५. बाकी सगळं जसंच्या तसं धरून त्या तीन जागा परत फिरवून पाहा. २१७ आणि २१८. अमेरिकेच्या संसदेचा एक कासरा कुणाच्या हाती, हे एका राज्याच्या कोर्टातल्या दोन खुर्च्यांवर येऊन ठेपलं होतं.

त्याच राज्यात २०२४ मध्ये अ‍ॅलिसन रिग्ज पंचावन्न लाख मतांत ७३४ मतांनी जिंकल्या. हरलेले जेफरसन ग्रिफिन, स्वतः अपील कोर्टाचे न्यायाधीश, ६५ हजारांहून अधिक मतं बाद करा म्हणून कोर्टात गेले. त्या यादीत रिग्ज यांच्या आईवडिलांचीही नावं होती. मतदारांनी नियम मोडला नव्हता. कित्येकांच्या नोंदणीच्या दप्तरात एक क्रमांक भरलेला दिसत नव्हता, एवढंच. सहा महिने हे चाललं. राज्याच्या कोर्टांनी ग्रिफिन यांचं काही अंशी ऐकलंही. शेवटी मे २०२५ मध्ये संघराज्याच्या एका न्यायाधीशाने, ट्रम्प यांनीच नेमलेल्या, खेळ संपल्यावर नियम बदलता येणार नाहीत असं सांगून ते थांबवलं. निवडून आलेल्यांच्या भांडणात मतदाराची लाज राखली ती तहहयात नेमलेल्या माणसाने. १८५९ च्या अगदी उलट! म्हणून मी नेमणूक चांगली की निवडणूक चांगली, या वादात कुणाच्याच बाजूने हात वर करत नाही.

माझी काळजी वेगळ्या ठिकाणी आहे. निवडून येण्यापेक्षा पुन्हा निवडून येण्याची गरज मला जास्त घातक वाटते.

कॅलिफोर्नियाचे एक न्यायमूर्ती ओटो काऊस म्हणायचे की निवडणूक जवळ आली असताना वादाच्या खटल्यावर निकाल देणं म्हणजे न्हाणीघरात मगर असताना दाढी करणं. तुम्ही तिच्याकडे बघत नाही, पण ती आहे हे विसरताही येत नाही. १९८६ मध्ये त्याच कॅलिफोर्नियात सरन्यायाधीश रोज बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी यांना मतदारांनी घरी पाठवलं. बर्ड यांनी आपल्यासमोर आलेली एकही फाशी कायम केली नव्हती. आयोवात २००९ मध्ये सातही न्यायमूर्तींनी एकमुखाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी त्यांतल्या ज्या तिघांची पाळी होती, ते तिघेही गेले. त्यांनी प्रचार करायला नकार दिला होता. न्यायाधीशाने स्वतःच्या निकालासाठी मतं मागत फिरायचं नसतं, असं त्यांचं मत. त्या तिघांबद्दल मला अतोनात आदर आहे.

हे झाले सर्वोच्च न्यायालयातले, ज्यांची नावं वर्तमानपत्रात येतात. खालच्या कोर्टात काय होतं? अलाबामात २०१७ पर्यंत ज्युरीने जन्मठेप सुचवली तरी न्यायाधीशाला फाशी देता यायची. तिथले न्यायाधीश पक्षाच्या नावावर निवडून येतात. सुमारे शंभर वेळा तिथे जन्मठेपेची फाशी झाली. डेलावेअरमध्ये हाच अधिकार होता, पण तिथले न्यायाधीश नेमलेले, आणि त्यांनी तो बहुतेक वेळा फाशी टाळायलाच वापरला. कायदा एकच, अधिकार एकच. फरक एवढाच, की एकाला पुन्हा मतं मागायला जायचं होतं. त्या शंभरांपैकी कुणाचाही चेहरा या कार्डावर कधी येणार नाही. शिक्षा कमी दिल्याची कार्डं छापतात, जास्त दिल्याची कुणी छापत नाही.

आपल्याकडे हे ऐकल्यावर सुटकेचा निःश्वास टाकायची पद्धत आहे. बरं झालं, आपल्या घटनाकारांनी ही भानगड ठेवली नाही! बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी न्यूयॉर्कला उतरले. त्याच नोव्हेंबरात त्या शहरात बेंजामिन कार्डोझो नावाचा एक वकील थोडक्या मतांनी न्यायाधीश म्हणून निवडून आला. १९१६ मध्ये, बाबासाहेब अजून तिथेच असताना, कार्डोझो यांनी ब्युइक मोटारीच्या मोडलेल्या चाकावरचा तो निकाल लिहिला, जो आपल्या लॉ कॉलेजात आजही शिकवला जातो. मतावर निवडून आलेल्याच्या हातूनही असं काम होतं. पुढे २४ मे १९४९ ला घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना बाबासाहेबांनी सगळा अधिकार सरकारकडे नको असं सांगितलं. त्याच भाषणात सरन्यायाधीशही तुमच्याआमच्यासारखाच गुणदोषांचा माणूस आहे, त्याच्याही हाती नकाराधिकार देणं धोक्याचं, असंही सांगितलं. १९९३ मध्ये आपण तो अधिकार न्यायमूर्तींच्याच हाती, म्हणजे त्यांच्या कॉलेजियमकडे, दिला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मताने तिथेच पक्का केला. आपली कॉलेजियमची खोली बंद असते. त्यांचं दार इतकं उघडं की मस्क टोपी घालून आत येतात. निःश्वास टाकावा असं मला दोन्हीकडे दिसत नाही.

मतदानाच्या दोन दिवस आधी मी मॅडिसनच्या विधानभवनात सर्वोच्च न्यायालयाचं दालन बघून आलो. भिंतींवर अल्बर्ट हर्टर यांची चार मोठी चित्रं आहेत. एकात रोमचा ऑगस्टस, एकात मॅग्ना कार्टा, एकात अमेरिकेच्या घटनेवर सह्या चालल्या आहेत. चौथं विस्कॉन्सिनचं स्वतःचं. मेनॉमिनी जमातीचा नायक ओश्कोश आरोपी म्हणून उभा आहे, साल १८३०. आपल्या जमातीच्या एका माणसाचा जीव घेणाऱ्याला त्याने जमातीच्या रिवाजाप्रमाणे मारलं होतं. न्यायाधीश डोटी यांनी त्याला सोडलं, कारण गोऱ्यांचा तो कायदा त्याच्या लोकांना लागू नव्हता. त्या काळच्या वसाहतीत मतं घेतली असती तर ओश्कोश सुटला असता, असं मला वाटत नाही. चित्रांखाली सात खुर्च्या, गडद लाकडाच्या, रिकाम्या. मी बराच वेळ बसून राहिलो.

तिथेच माझं मत पक्कं झालं. लोकांना न्यायमूर्ती निवडू द्या. वाटा बुजलेल्या असताना ती एक वाट त्यांच्याकडून काढून घ्यायचा सल्ला मी देणार नाही. पण एकदाच. दहा वर्षं पुरत नसतील तर बारा द्या, चौदा द्या, आणि पुन्हा उभं राहायची मुभा काढून टाका. ज्याने कुणी ठरावीक रकमेच्या वर पैसा घातला त्याचा खटला त्या न्यायमूर्तीपुढे चालणार नाही, असा नियम आधीच करा. कॅपर्टनसारखं वॉशिंग्टनपर्यंत जायची वेळ येऊ देऊ नका. तेवढ्याने पैसा थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मगर न्हाणीघरातून बाहेर जाईल.

या कार्डावरच्या बाई जिंकल्या. १ ऑगस्ट २०२५ ला त्यांची मुदत सुरू झाली आणि ती २०३५ च्या जुलैत संपेल. त्यांना पुन्हा उभं राहता येईल. २०३४ मध्ये कधीतरी कुणालाही नकोसा असलेला एक आरोपी अपिलात त्यांच्यापुढे येईल. पोलिसांनी त्याचा जबाब बेकायदा घेतलेला असेल, आणि निकालात तसं लिहायचं की नाही हे त्यांना ठरवायचं असेल. बाहेर कुणीतरी त्यांचा काळपट केलेला फोटो तयार ठेवलेला असेल, लाल अक्षरांची जागा मोकळी सोडून.